घारीचा धाक

आज सकाळी मुठेकाठी बगळ्यांच्या वसाहतीवरून एक घार नुसती गिरकी मारून गेली. बगळे कलकलाट करत उठले आणि टपून बसलेल्या कावळ्यांनी बघता बघता अंडी पळवली. घारीने वळूनही पाहिलं नाही, अगदी पुणेरी!

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. गिलेमॉट हा समुद्रपक्षी उघड्या खडकावर एकच अंडं घालतो. बॉल्ड ईगल हा गरुड दिसला की अख्खी वसाहत उडते आणि अंडी जातात कुरव (सीगल) आणि कावळ्यांच्या पोटात. गरुड स्वतः खातो त्याहून जास्त नुकसान त्याच्या धाकाने होतं.

आता कोणाची बाजू घ्यायची? मी तरी गरुडाचीच घेईन. तो तिथला जुनाच रहिवासी. १९७२ च्या बंदीआधी डीडीटी हे कीटकनाशक फवारून आपणच त्याला जवळपास संपवला होता.