कैसर्सलाउटर्नहून आइंडहोवनला, १९७१च्या लिंकनमधून

जर्मनीतल्या कैसर्सलाउटर्नच्या विकणाऱ्या आजोबांना फोनवर एकच विनंती केली होती: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवला तर कोमट! आजोबा ओशाळून म्हणाले, "जरा धुवून आणली." मी हसून निरोप घेतला, स्टेशनजवळ जेवलो आणि चार तासांनी परत गेलो. जुनी गाडी थंड असताना कशी सुरू होते, पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, हे बघितल्याशिवाय पैशाचं बोलूच नये. खरेदीला निघणाऱ्यांनी पूर्ण दिवस हातात ठेवावा तो यासाठी.

गाडी म्हणजे फोर्डच्या लिंकन ब्रँडची कॉन्टिनेंटल मार्क थ्री. दोन दारं, ७.५ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, लांबी साडेपाच मीटर. फोर्डच्याच थंडरबर्ड गाडीला रोल्स-रॉइससारखी जाळी लावा, असं तिथले वरिष्ठ अधिकारी ली आयकोका यांनी सुचवलं आणि त्यातून ही निघाली, अशी तिची जन्मकथा सांगतात. जाळी समोरून पाहिली की पटतंच.

थेट अमेरिकेतून का नाही आणली, असं मित्र विचारतात. तीस वर्षांवरची, मूळ अवस्थेतली गाडी संग्राह्य वस्तू म्हणून मान्य झाली तर सीमाशुल्क लागत नाही आणि नेदरलँड्समध्ये, म्हणजे मी राहतो तिथे, व्हॅट ९ टक्केच पडतो, हे खरं. पण फोटो बघून गाडी घेणं म्हणजे फोटो बघून सोयरीक. शिवाय बोटीचं भाडं वेगळंच. कैसर्सलाउटर्नच्या आसपास अमेरिकन लष्कराचे तळ आहेत, त्यामुळे अशा गाड्या आणि त्या दुरुस्त करणारे हात दोन्ही तिथे सापडतात.

आता बघायचं काय? क्रोमच्या नादी लागू नका. आधी व्हिनाइलचं छप्पर. मागच्या काचेच्या खालच्या कडेला अंगठा दाबत जा. खाली कुरकुर लागली किंवा पापडासारखा फुगा दिसला, तर आतला पत्रा गंजलेला समजा. पाणी तिथूनच डिकीत उतरतं. मग डिकीतला गालिचा उचला. मी उचलला. आजोबांना आवडलं नाही, पण पत्रा कोरडा होता. पुढच्या काचेतून डॅशबोर्डवरचा नंबर वाचा: १९७१ची, विक्सम कारखान्यातली मार्क थ्री असेल तर सुरुवात १वाय८९ए अशी हवी, आणि कागदावरही अक्षरन् अक्षर तीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पापण्या. हेडलाइट झाकणांआड असतात आणि ती झाकणं इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या खेचावर, मिटलेली राहतात. कुठे नळी गळत असेल तर इंजिन बंद केल्यावर ती हळूहळू उघडतात. आम्ही कॉफी प्यायला आत गेलो, चाळीस मिनिटांनी बाहेर आलो, तर डावा डोळा अर्धवट उघडा. झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा. आजोबा म्हणाले, "तो तसाच आहे." दुरुस्ती क्षुल्लक, पण घासाघीस करायला उत्तम. १९,५०० युरो सांगितले होते, १८,५०० वर सौदा मिटला. पैसे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तात्काळ ट्रान्सफरने दिले. रोकड बाळगली नाही. करारनामा एडीएसी या जर्मन मोटार क्लबच्या छापील नमुन्यावर केला.

कागदांसाठी शनिवारी जाऊ नका. नोंदणी कार्यालय उघडं हवं, म्हणून मी गुरुवार निवडला आणि शुक्रवार सकाळची वेळ आधीच घेतली होती. पिवळ्या पट्टीची पाच दिवसांची तात्पुरती नंबर पाटी स्वस्त, पण ती जर्मनीपुरती. सीमा ओलांडायची तर लाल पट्टीची निर्यात पाटीच घ्या. तिच्यासाठी वेगळा विमा आणि चालू मुदतीचा ट्यूव्ह, म्हणजे जर्मन वाहन तपासणीचा दाखला, लागतो. पाट्या ठोकून देणारी दुकानं कार्यालयाच्या आसपासच असतात.

परतीचा रस्ता ए६३, मग ए६१. स्पीडोमीटर मैलांत आहे, तेव्हा डॅशवर चिठ्ठी चिकटवा: ८० म्हणजे ५०, १०० म्हणजे ६२. कोब्लेंझजवळ मोझेल नदीवरचा उंच पूल ओलांडताना गंमत वाटली. पूल १९७२चा, गाडी त्याच्याहून वर्षाने मोठी! सुकाणू इतकं हलकं की पहिला तासभर मी उगाचच दुरुस्त्या करत होतो. साडेतीनशे किलोमीटरला साधारण ८० लिटर पेट्रोल गेलं. ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) टाळून ९८ ऑक्टेनचं भरत गेलो. इंचाचे पाने सोबत घ्या. मेट्रिक पान्यांचा इथे उपयोग नाही.

इथे राहणाऱ्याने परदेशी पाटीवर फिरत बसू नये, म्हणून आरडीडब्ल्यू या डच वाहन नोंदणी संस्थेच्या तपासणीची वेळ गाडी आणण्याआधीच घेऊन ठेवा. पुढे मात्र सुख आहे: चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर नाही, पन्नाशीनंतर एपीके, म्हणजे नियमित वाहन तपासणी, नाही, आणि १९७८च्या आधीची असल्याने जुन्या गाड्यांची निळी नंबर पाटी लावता येते.

गेल्या रविवारी ती नळी बदलली. आता दोन्ही पापण्या रात्रभर मिटलेल्या असतात. पार्किंगच्या पट्ट्याबाहेर मात्र शेपूट अर्धा मीटर तसंच आहे, आणि शेजारीण रोज सायकल तिथून काढताना माझ्या खिडकीकडे बघते.