एसीचं पाणी खोलीत आणि कंपनीच्या कागदावर 'ग्राहक उपलब्ध नाही' : माझा अनुभव

आम्ही मालवणला राहतो, घर जुनं चिऱ्याचं, एसी एकच, दीड टनाचा, तो सासऱ्यांच्या खोलीत, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात, मे महिन्याच्या उकाड्यात त्यांना रात्री झोप लागावी म्हणूनच तो घेतलेला. सकाळी चहा घेऊन गेले तर युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून टपटप पाणी पडतंय, भिंतीवरून ओघळ स्विचबोर्डाच्या जवळ आलेला, आणि लादीवर पाणीच पाणी, बरोबर तिथे जिथे भाऊ उठताना वॉकर टेकवतात. माझ्या पोटात गोळाच आला. तुमच्याकडे असं झालं तर पहिलं काम एमसीबी, म्हणजे बोर्डातला एसीचा सेफ्टी खटका, पाडा, नुसता रिमोटने एसी बंद करून भागत नाही.

मग बाहेर जाऊन ड्रेन पाईपचं तोंड बघितलं. कोरडं ठणठणीत. रोज रात्री इथे धार असते, एरवी सकाळपर्यंत खाली ठेवलेली बादली भरते. समुद्रकाठची हवा दमट, त्यातली वाफ थंड कॉइलवर जमते, तिचं पाणी होऊन खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ट्रेमधून पाईपने बाहेर जातं. घरच्या साध्या स्प्लिट एसीत त्याला पंप वगैरे काही नसतो, फक्त उतार. आत पाणी पडतंय आणि बाहेर थेंब नाही म्हणजे लाईन चोक, याच्यात डोकं चालवण्यासारखं काही नाही. कूलिंग तर एकदम छान चालू होतं.

हे मी इतकं सविस्तर लिहितेय कारण हीच साधी गोष्ट कंपनीच्या माणसांना पटवायला मला जो त्रास झाला तो मी विसरू शकत नाही.

कस्टमर केअरला फोन लावला तर कूलिंग होत नसेल तर हे दाबा, आवाज येत असेल तर ते दाबा, रिमोट चालत नसेल तर ते. पाणी गळण्याला आकडाच नाही. शेवटी कूलिंगचं बटण दाबून माणूस मिळाला, त्याला सांगितलं की कूलिंग चांगलं आहे, ड्रेन चोक आहे, तरी मोबाईलवर मेसेज आला त्यात तक्रार 'कूलिंग कमी'. ज्या दुकानातून घेतला त्यांना विचारलं तर म्हणाले आमचं काम विकण्यापर्यंत, पुढचं कंपनी बघते. कंपनी म्हणते आम्ही तक्रार सर्व्हिस सेंटरला पाठवली. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. तिथली मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, मालवण साईडचे अजून कॉल जमले की टेक्निशियन पाठवतो, एका कॉलसाठी घाट उतरून येणं परवडत नाही." अहो पण एसी विकताना तुम्हाला मालवण लांब वाटलं नाही ना? हे मी तिला बोलले पण. तिचा बिचारीचा दोष नव्हता, पण दुसरं बोलायचं कोणाला, वरचा नंबर कोणी देतच नाही.

तोपर्यंत भाऊंना फॅनवर झोपवलं. रात्री दोनदोनदा उठून कपडे बदलायचे इतका घाम. म्हाताऱ्या माणसाला असं बघवत नाही हो.

शेवटी एकदाचा टेक्निशियन आला. आल्यापासून घाई, अजून कणकवलीला जायचंय म्हणे. युनिटला प्लास्टिकची पिशवी बांधली, जेट पंपाने कॉइल आणि फिल्टर धुतले, ते धुतलं चांगलं, खोटं का बोला. पण ड्रेन लाईनला हात लावला नाही. बाहेर जाऊन आउटडोअर युनिटला गॅसचा दाब मोजायचा गेज लावला आणि म्हणाला गॅस कमी दाखवतोय, भरावा लागेल. मी म्हटलं दादा, गॅस कमी असता तर कूलिंग कमी झालं असतं, कॉइलवर बर्फ धरला असता, तसं काहीच नाही. गॅस बंद लाईनमध्ये फिरतो, तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, गेला तर गळतीनेच जातो, मग आधी लीक दाखवा. यावर काही उत्तर नाही. मी म्हटलं ठीक आहे, ट्रेमध्ये एक मग पाणी ओता आणि बाहेर पाईपातून येतं का बघू. तर म्हणाला, "सुकेल आपोआप, तुम्ही आधी ओटीपी सांगा, मला कॉल क्लोज करायचाय."

इथे मी अडून बसले आणि त्याचा मला अभिमान आहे. काम झालेलं नाही तर ओटीपी कशाचा? भाऊ कॉटवरून ओरडले, "काम केल्यानच नाय तर नंबर कित्याक देवचो?" बराच वेळ हुज्जत झाली, मग तो व्हिजिट चार्ज घेऊन, पावती देऊन निघून गेला. संध्याकाळी मेसेज आला की आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, कारण : ग्राहक उपलब्ध नाही.

म्हणजे माणूस माझ्या घरी येऊन, माझ्या हातचं सरबत पिऊन, माझ्याकडून पैसे घेऊन गेला आणि कागदावर मी घरातच नाही! त्या क्षणी जो संताप झाला तो आजही तसाच्या तसा आहे. परत फोन केला तर सिस्टीममध्ये क्लोज दिसतंय, नवीन तक्रार टाका, नवीन व्हिजिट चार्ज लागेल. मी म्हटलं माझ्याकडे तुमच्याच माणसाची पावती आहे, त्यावर आजची तारीख आहे, मग उपलब्ध नव्हते तर पैसे कोणी दिले? लाईनवर ठेवून दिलं, गाणं वाजत राहिलं, कट.

म्हणून सांगते, पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका आणि तिचा लगेच फोटो काढून ठेवा. माझ्या सगळ्या भांडणात तो एक कागदच कामाला आला.

मग मी १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीतही बोलता येतं. एक गोष्ट समजून घ्या, ते निकाल देत नाहीत, तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि काय झालं ते विचारतात. निकाल हवा तर ग्राहक आयोगात जावं लागतं. पण माझ्या बाबतीत एवढ्यानेही फरक पडला. जी कंपनी माझा फोन कट करत होती तिच्याच कोणा सुपरवायझरचा स्वतःहून फोन आला, माफी मागितली, शेरा बदलतो, व्हिजिटचे पैसे परत करतो म्हणाला. काम कधी होणार विचारलं तर परत तेच, मालवणचे कॉल जमले की.

तेव्हा मी ठरवलं की आता यांची वाट बघायची नाही. मासेवाल्यांचे डीप फ्रीजर दुरुस्त करणारा एक मुलगा आहे इथे, तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांचे एसी पण तोच बघतो. मे महिन्यात त्याला मिळवणं कठीण, सगळे होमस्टे फुल्ल असतात, पण रात्री जेवून आला. बाहेर पाईपाला नुसता हात लावला आणि म्हणाला, "वयनी, मशीन थंड करता म्हणजे गॅस आसा. ह्या पायपाक उतारच नाय, पाणी जातला खय?"

बघितलं तर खरंच. बसवणाऱ्यांनी तो पांढरा, वळ्यावळ्यांचा मऊ पाईप वापरलेला, त्याला आउटडोअरच्या स्टँडमागे मोठं पोट आलेलं, तिथे पाणी साचून राहायचं. त्यात आपल्याकडची तांबडी धूळ, वळ्यांमध्ये बसून तिचा गाळ, त्यावर शेवाळ. आणि तोंडाशी आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. त्याने ते काडीने काढलं, वेट व्हॅक्यूमचा, म्हणजे पाणीही ओढणाऱ्या मशीनचा, पाईप ड्रेनच्या तोंडाला लावून भोवती ओला कपडा घट्ट गुंडाळला आणि चालू केला. बाहेरून आत हवा मारायची नाही, सगळी घाण उलटी ट्रेमध्ये जाते आणि पाणी सर्किट बोर्डावर उडू शकतं, बाहेरून ओढूनच घ्यायची, हे त्याने मला आवर्जून सांगितलं. मशीनने एकदम गुळगुळ आवाज केला आणि बोटाएवढी लांब, काळपट तांबडी, बुळबुळीत गाठ बाहेर आली, वास असा की मी पदर नाकाला लावला. त्यानंतर ट्रेमध्ये एक मग पाणी ओतलं. बाहेरून भाऊंच्या नातवाने ओरडून सांगितलं, "आलं आलं!" मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. मऊ पाईप काढून त्याने कडक पीव्हीसीचा पाईप उतार देऊन टाकला, पाईपसकट ८०० रुपये घेतले.

तर तुमच्याकडे कोणीही माणूस येऊ दे, कंपनीचा असो नाहीतर गावातला, एक मगभर पाणी ट्रेमध्ये ओतून ते बाहेर पडलेलं डोळ्यांनी बघा आणि मगच ओटीपी द्या. नुसतं कॉइल धुणं म्हणजे ड्रेन साफ करणं नव्हे.

नवीन एसी बसवताना समोर उभं राहा. तांब्याच्या पाईपांबरोबर टेप गुंडाळतात त्यात ड्रेन पाईप सगळ्यात खाली असायला हवा, आणि भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. चिऱ्याची भिंत जाड असते, आतून भोक सरळ किंवा उलटं गेलं तर पाणी आतच मुरत राहतं आणि चिरा ते पिऊन घेतो, बाहेरून कळतही नाही.

बादलीत पाणी साठवत असाल तर पाईपचं टोक पाण्यात बुडू देऊ नका, हवा कोंडते आणि लाईन अडते. ते पाणी झाडांना, लादी पुसायला चांगलं. प्यायला नको, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका, तिथे डिस्टिल्डच लागतं.

फिल्टर सीझनमध्ये पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. महिन्यातून एकदा एसी बंद करून, एमसीबी पाडून, ट्रेमध्ये कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून हळूहळू ओतायचं, शेवाळ धरत नाही. उकळतं पाणी नको, पाईप वाकतो. ब्लीचिंगवालं काही तर अजिबात नको, कॉइलच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात, खाऱ्या हवेने त्यांचं आधीच नुकसान होतं, आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळलं तर विषारी वायू होतो.

हो, आणि पावसाळ्यात एसी बंद असतो तेव्हा पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, कुंभारीण आणि मुंग्या तेव्हाच शिरतात. जाळी मच्छरदाणीच्या तुकड्याचीही चालते, पण एसी परत चालू कराल तेव्हा ती काढून साफ करा, नाहीतर तिथेच गाळ धरेल.

शेरा त्यांनी बदलला, आता 'काम अपूर्ण' असा दिसतो. व्हिजिटचे पैसे मात्र अजून आलेले नाहीत, पावतीचा फोटो जोडून मी परत मेल केलाय आणि ते येईपर्यंत करत राहणार आहे.