बर्फावरचा तंबू, हिरानाची राजकन्या आणि आम्ही दोघी

अर्सुला ले ग्विनच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) जेन्ली आय आणि एस्त्रावेन गोब्रिनच्या बर्फावरून स्लेज ओढत पळतात. तो भाग मी अजूनही अधूनमधून काढून वाचते. गेथेन ग्रहावरची माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले थोडे दिवस त्यांना ‘केमर’ येतो आणि तेवढ्यापुरतं शरीर एका बाजूला झुकतं. एस्त्रावेन त्यांच्यातलाच एक, तर जेन्ली पृथ्वीवरचा पुरुष. आठवडेच्या आठवडे दोघं एका छोट्या तंबूत राहतात, मोजून खातात, एकमेकांवर चिडतात आणि सकाळी पुन्हा पट्टे बांधून ओढायला लागतात. एका रात्री एस्त्रावेनला केमर येतो आणि जेन्लीच्या सहवासात त्याचं शरीर स्त्रीचं होत जातं. दोघं एकमेकांना हात लावत नाहीत. पण समोरचा माणूस जितका पुरुष तितकीच स्त्री आहे, हे जेन्लीला त्या रात्री मान्य करावंच लागतं. पुढे जेन्ली त्याला मनाने बोलायला शिकवतो. तेव्हा एस्त्रावेनला ऐकू येतो तो आवाज आरेकचा. आरेक म्हणजे त्याचा मेलेला भाऊ आणि पहिलं प्रेम! इथे मी दर वेळी थांबते.

शेवटी सरहद्दीवर एस्त्रावेन गोळ्यांनी मरतो. मला ते आजही पचत नाही. आमच्यासारख्या समलिंगी माणसांचं प्रेम रंगवायचं आणि मग दोघांपैकी एकाला मारायचं, हे इतक्या पुस्तकांत वाचलंय की प्रेमाचं पहिलं पान आलं तरी धास्ती वाटते. ले ग्विनबद्दल एक मात्र सांगायला हवं. आपण गेथेनच्या लोकांना उगाचच स्त्री-पुरुष जोडीत कोंडलं, हे तिने पुढे स्वतः लिहून मान्य केलं आणि १९९५च्या एका कथेत त्याच ग्रहावर परत जाऊन समलिंगी प्रेम सहजपणे दाखवलं. एवढ्या मोठ्या लेखिकेने हे केलं म्हणून मला तिच्याबद्दल फार आदर आहे.

एलन कुशनरच्या ‘सोर्ड्सपॉइंट’मध्ये (१९८७) भाडोत्री तलवारबाज रिचर्ड आणि त्याचा तिरसट प्रियकर अ‍ॅलेक एकत्र राहतात आणि त्या शहरात कुणालाच त्याचं काही वाटत नाही. अमेरिकेत एड्सने माणसं जात होती त्या काळातलं हे पुस्तक आहे.

पण माझ्या सर्वांत जवळचं पुस्तक म्हणजे ताशा सूरीचं ‘द जास्मिन थ्रोन’ (२०२१). राजकन्या मालिनी चितेवर चढायला नकार देते, म्हणून तिचा सम्राट भाऊ तिला हिराना नावाच्या पडक्या देवळात कोंडतो. तिथे झाडलोट करायला येते प्रिया. याच देवळात वाढलेली मुलं जाळून मारली गेली, त्यांतून प्रिया वाचलेली. दोघींना एकमेकींची ओढ लागते, पण मालिनीला साम्राज्य टिकवायचंय आणि प्रियाला त्याच साम्राज्यातून आपला मुलूख अहिरण्य सोडवायचाय. दोघी बायका आहेत ही अडचण नाही. एकीचं घराणं दुसरीच्या मुलखावर राज्य करतं, ही आहे. प्रिया मालिनीवर पूर्ण विश्वास टाकत नाही आणि तिने टाकूही नये, असं मला वाटतं. मला असंच प्रेम वाचायचं असतं, ज्यात भांडायला राज्य, निष्ठा, जुने हिशेब असतात आणि कुणाला कुणापुढे स्वतःचं असणं सिद्ध करत बसावं लागत नाही.

मी आणि माझी जोडीदार पुण्यात एकत्र राहतो. सोसायटीच्या वहीत आम्ही ‘रूममेट’ आहोत. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने आमच्यासारख्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. त्या संध्याकाळी आम्ही बातम्या बंद केल्या आणि तिने मला प्रिया-मालिनीचं एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. आमचं भांडण बहुतेक पैशांवरून आणि तिच्या आईच्या फोनवरून होतं. दिवाळी अंकातल्या विज्ञानकथेत अशा दोघी याव्यात, असं मला फार वाटतं. त्यांचं यान बिघडावं, इंधनावरून त्यांचं कडाक्याचं वाजावं आणि दोघी जिवंत घरी पोहोचाव्यात.