शिबिरानंतरचा सोमवार

मी तीन वेळा तारण घेतलंय, म्हणजे 'येशू, माझं जीवन तुझं' असं म्हटलंय. आठवीत एकदा, नववीत एकदा आणि दहावीची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात एकदा. तिन्ही वेळा शिबिर, तिन्ही वेळा शेवटची रात्र, लाइट बारीक केलेले, कीबोर्डवाला दादा एकच चाल घोळवत बसलेला आणि पुढून आवाज येतोय की डोळे मिटा, कोणी कोणाकडे बघू नका, ज्याला प्रभूला आपलं जीवन द्यायचंय त्याने फक्त हात वर करा. मी करायचे हात वर. रडायचे पण, आणि ते रडणं खरं होतं, नाटक अजिबात नव्हतं. मग घरी यायचे, बुधवारपर्यंत बहिणीशी बाथरूमच्या नंबरावरून भांडण झालेलं असायचं, शनिवारी मम्मीला कुठलीतरी थाप मारून झालेली असायची आणि रविवारी उपासनेत बसले की वाटायचं, आपलं उतरलं बहुतेक. ताप उतरतो तसं.

आता मी स्वतः पुण्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, शब्बाथ शाळेचा (रविवारच्या धर्मशिक्षणाचा) मोठ्या मुलांचा वर्ग घेते, नववी ते बारावी. पटावर चौदा जणं आहेत, चांगल्या रविवारी अकरा येतात, बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की चार. आणि दरवर्षी मे महिन्यात ही मुलं शिबिराहून परत आली की जूनमधे कोणीतरी एकजण वर्ग सुटल्यावर उगाच रेंगाळतं, खुर्च्या रचायला मदत करतं आणि मग हळूच म्हणतं, ताई, तिकडे होते तेव्हा खूप वाटत होतं, आता काहीच वाटत नाही. मला तिथेच त्या पोराला मिठी मारावीशी वाटते कारण हे मला कोणी सांगितलंच नव्हतं की 'काहीच वाटत नाही' हा पण विश्वासातला एक वार आहे, आणि तो बहुतेक सोमवार असतो.

शिबिरं वाईट असं मी म्हणत नाहीये हं. मला स्वतःला तिथे मैत्रिणी मिळाल्या, पाठांतर झालं, घरापासून लांब राहायची भीती गेली. पण तिथे चार दिवस सगळं आयतं असतं, प्रार्थनेची घंटा वाजते, गाणी कोणीतरी निवडतं, फोन काढून घेतलेला असतो. घरी आल्यावर फोन परत मिळतो आणि घंटा वाजत नाही, बस्स एवढंच होतं. त्यात पोरांना दोष द्यायचं काय कारण आहे मला कळत नाही, पण आपण देतो. 'आजकालच्या मुलांना आवड नाही', हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की जे काका ते बोलतात त्यांनी शेवटचं शास्त्र कधी उघडलं हे विचारायचा मोह होतो. असो.

सुरुवातीला मी पण चुकलेच. उत्साहात मी पोरांना वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा तक्ता दिला होता. एकूण ११८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन-सव्वातीन. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक जोरात झालं, दुसऱ्या निर्गमाचा पहिला अर्धा भाग पण, मग देवाच्या तंबूची, निवासमंडपाची मापं आली, पडदे आले, मग तिसरं, नियमांचं लेवीय आलं आणि माझा अख्खा वर्ग लेवीयात आडवा झाला. फेब्रुवारीत एकानेही तक्ता पुढे भरला नव्हता आणि वाईट म्हणजे ते मला टाळायला लागले. तक्ता गेला, वर पोरं पण जायची वेळ आली.

मग आम्ही मार्कचं शुभवर्तमान घेतलं. येशूच्या जीवनाची जी चार शुभवर्तमानं आहेत त्यांत सगळ्यात लहान, सोळा अध्याय, आणि त्यात कोणीच फार वेळ बसून राहत नाही, सतत कुठेतरी निघालेले असतात. नियम एकच, घरी वाचून आला नाहीस तरी चालेल, इथे आपण मोठ्याने वाचू, वाचताना विचित्र काय वाटलं ते सांगायचं. 'तुम्हाला यातून काय बोध मिळाला' हा प्रश्न मी बंद केला, कारण त्याचं उत्तर पोरं पाठ करून ठेवतात. विचित्र विचारलं की मात्र झोपलेले पण जागे होतात. चौथ्या अध्यायात एवढं वादळ आलंय, होडीत पाणी भरतंय आणि येशू मागे उशी घेऊन झोपलाय, यावर आमच्याकडे वीस मिनिटं चर्चा झाली की उशी शास्त्रात लिहायची काय गरज होती. पुढे चौदाव्या अध्यायात येशूला पकडतात तेव्हा एक तरुण फक्त चादर गुंडाळून मागे मागे येतोय, त्याला धरतात आणि तो चादर टाकून तसाच पळतो. माझी पोरं हसून हसून खाली पडली होती. आणि मग एकाने विचारलं, तो आपल्याच वयाचा असेल का? मी म्हटलं, असेल की. त्यानंतर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

पण माझा सगळ्यात आवडता अध्याय पाचवा. याईराची मुलगी. बारा वर्षांची होती असं तिथे लिहिलंय, म्हणजे आपल्या हिशोबाने सहावी-सातवीतली. ती गेली म्हणून घरात रडारड चाललीये, येशू आत जातो, तिचा हात धरतो, ती उठते, चालायला लागते, सगळ्यांचे डोळे विस्फारलेले. आणि तो काय सांगतो तर हिला काहीतरी खायला द्या. मी हे लहानपणापासून ऐकलंय पण हे शेवटचं वाक्य माझ्या कानावरून तसंच गेलं होतं, वर्गातल्या एका मुलीने ते पकडलं. ती म्हणाली, ताई, एवढा मोठा चमत्कार झालाय आणि त्याच्या लक्षात आलं की हिला भूक लागली असेल. मला वाटतं त्या दिवशी मी शिकवायला गेले होते आणि शिकून आले. कारण शिबिर म्हणजे हात धरून उठवणं झालं, आणि घरी आल्यावर रोजचं जे आहे ते खायला देणं. ते दुसरं काम आपण मंडळी म्हणून करतच नाही, आपण परत पुढच्या मे महिन्यात परत उठवायला जातो.

मागच्या वर्षी पोरांना घेऊन केडगावला गेलो. दौंड तालुक्यातलं केडगाव, पुण्याहून साधारण ६० किलोमीटर, दौंडकडे जाणाऱ्या गाडीने. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. पोरांना रमाबाई म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला एक फोटो आणि शाळेत 'समाजसुधारक' म्हणून दोन मार्कांचा प्रश्न, त्या आपल्यातल्या, ख्रिस्ती आहेत हेच अर्ध्यांना माहीत नव्हतं. आमच्याकडे मुक्तीचा विषय निघाला की मोठी माणसं लगेच तिथे झालेल्या १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीबद्दल बोलतात, मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या वगैरे, आणि ते खरंच झालंय. पण मी पोरांना दुसरंच सांगत होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या, त्यातल्या कितीतरी माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाच्या. आणि इथे आल्यावर त्यांचा दिवस कसा होता तर शिकणं, दळण, विणकाम, शेत, गुरं, छापखाना. प्रार्थना पण, नक्कीच. पण जात्यावर बसायला पण कोणीतरी लागायचं ना रोज.

आणि रमाबाईंची स्वतःची गोष्ट. बाप्तिस्मा १८८३ ला, इंग्लंडमधे. पण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो नंतर, साधारण आठ वर्षांनी. हे मी परतीच्या गाडीत सांगितलं तेव्हा खिडकीपाशी बसलेला आमचा अकरावीतला मुलगा, ज्याचं दृढीकरण (कन्फर्मेशन, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी) मागच्याच वर्षी झालंय आणि जो तेव्हापासून जरा गप्प गप्प असतो, तो एकदम वळून म्हणाला, आठ वर्षं? मी म्हटलं हो, आठ. एवढी संस्कृत येणारी, एवढी हुशार बाई, आठ वर्षं. तो परत खिडकीतून बाहेर बघायला लागला पण चेहरा सैल झाला होता.

भाषेचा पण एक प्रॉब्लेम आहे जो आपण मोठे लोक मनावर घेत नाही. माझ्या वर्गातली दहा मुलं इंग्लिश मीडियमची आहेत, घरी मराठी बोलतात, मेसेज मराठी-इंग्रजी मिसळून करतात, आणि उपासनेत 'तुम्हांस' आणि 'जाहला' ऐकलं की त्यांचं लक्ष फॅनकडे जातं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली कवी ना. वा. टिळकांची भजनं आजीला तोंडपाठ आहेत आणि नातवाला त्यातले चार शब्द कळत नाहीत. मग तो इंग्लिश गाणी लावतो, आपण नाक मुरडतो. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करण्यात घालवली ती याचसाठी की साध्या, फारसं न शिकलेल्या बायकांना कळलं पाहिजे, १९२२ मधे जाईपर्यंत त्या तेच करत होत्या. म्हणजे 'मला कळत नाही' ही तक्रार नवीन नाही आणि ती आळसाची तर नाहीच. फोनवर मराठी ऑडिओ बायबल आहे, बसमधे कानात घालून ऐका म्हटलं, तर तिघं-चौघं ऐकतात. एकीने मला सांगितलं की ती आजीला भजनाचे अर्थ विचारते आणि बदल्यात आजीला व्हॉट्सॅपवर व्हॉइस नोट पाठवायला शिकवते. हा सौदा मला भारी आवडला.

शाळा-कॉलेजातलं म्हणाल तर तिथे एकच प्रश्न सगळ्यांना येतो, तू ख्रिश्चन आहेस? मग मराठी एवढं छान कसं बोलतेस? आडनाव गायकवाड नाहीतर साळवे, नाताळला घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि समोरच्याला वाटतं आपण गोव्याहून आलोय. पूर्वी मी पोरांना म्हणायचे, ही साक्ष द्यायची संधी आहे, धीटपणे बोला. आता म्हणते, हसा, उत्तर द्या आणि त्याला नाताळात फराळाला बोलवा. पंधरा वर्षांच्या पोराने मधल्या सुट्टीत प्रवचन द्यावं ही अपेक्षा मला आता जरा क्रूरच वाटते.

त्यापेक्षा ही मुलं जे करतात आणि कोणाला सांगत नाहीत ते बघा. ट्यूशनच्या ग्रुपवर 'उद्याचा पेपर' म्हणून पीडीएफ फिरत होती, आमच्या एका मुलीने उघडली नाही. मला हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं, तेही 'कसली वेडी आहे' अशा सुरात. पेपर तोच आला की नाही, तिला किती पडले, मी विचारलं नाही. दुसरा एक आहे, भांडण झालेल्या माणसाला मेसेज टाइप करायचा, पाठवायचा नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि मग परत वाचून बघायचं. म्हणतो, निम्मे मेसेज तसेच डिलीट होतात ताई. निम्मे जातात पण, हेही प्रामाणिकपणे सांगतो. अजून एकाने यंदा लेंटमधे, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, गेम सोडला होता, बाराव्या दिवशी परत सुरू केला, मला येऊन सांगितलं आणि विचारलं, आता काय? मी म्हटलं तेराव्या दिवशी परत सोड. तो म्हणाला असं चालतं? चालतं की रे, आम्ही सगळे तसेच करतोय.

पालकांनो, तुम्ही वाचत असाल तर एक छोटी गोष्ट. अर्पणाची पिशवी दोन बाक पुढे आली की तुम्ही खिशातून दहाची नोट काढून मुलाच्या हातात देता, ते बंद करा. त्याला त्याच्या पॉकेटमनीतलं देऊ द्या. दोनशेतले वीस गेले की वडापाव कमी होतो आणि ते जाणवतं. तुमच्या दहा रुपयांनी त्याला काहीच जाणवत नाही, तो फक्त पोस्टमन असतो.

आम्ही आता दुसऱ्यांदा मार्क वाचतोय, पोरांनीच मागितलं, आणि मागच्या रविवारी नवव्यात होतो. तिथे एक बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात म्हणतो, माझ्या अविश्वासाला मदत कर. दोन्ही एकाच वाक्यात. आमचा तो खिडकीवाला मुलगा म्हणाला, हे लिहू देतात? मी म्हटलं, लिहिलंय ना. त्याने पेन्सिलने खूण केली, माझ्याच शास्त्रात केली, विचारलं पण नाही.

येत्या रविवारी दहावा. खायला आणायची पाळी बारावीच्या मुलींची आहे, आणि कृपा करून या वेळी परत नुसती क्रीमची बिस्किटं नकोत.