बारावा दिवस

ओपीडी संपत आली होती. सिस्टरने दार अर्धं उघडून सांगितलं, "मॅडम, त्या फायब्रॉइडच्या बाई आल्यात. नंबर नाही, पण थांबायला तयार नाहीत."

बारा दिवसांपूर्वी मीच त्यांना ल्युप्रोलाइडचं ३.७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं होतं. वय ४३, नोकरी अकाउंट्समध्ये. गर्भाशय सोळा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढं मोठं, हिमोग्लोबिन ७.२. ऑपरेशनआधी रक्त भरून यावं आणि फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, थोड्या आकसाव्यात म्हणून महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं आणि सोबत लोहाच्या गोळ्या, असं ठरलं होतं. यात नवं काही नव्हतं. अमेरिकेत १९९५ पासून हे औषध नेमक्या याच कामासाठी मंजूर आहे.

बाई बसल्या नाहीत. पर्समधून वही काढून त्यांनी माझ्यासमोर उघडून ठेवली. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, पॅड, गुठळ्या, शेरा. पहिल्या आठवड्यात शून्य, शून्य. मग दहाव्या दिवशी चार पॅड, अकराव्या दिवशी नऊ. बाराव्या दिवसाचा आकडा अपुरा सोडलेला, कारण दिवस अजून संपायचा होता. शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ: "मॅडम म्हणाल्या होत्या, पाळी थांबेल."

म्हटलं होतं मी तसं. अगदी शब्दांसकट आठवतं: "पाळी थांबेल, थोडं गरम गरम वाटेल, बाकी काही नाही." बाहेर रांग होती, हे कारण मी स्वतःलाही नंतर देऊन पाहिलं. पटलं नाही. कारण जे सांगायचं राहिलं ते तीस सेकंदांचं होतं. हे औषध मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला गप्प करतं, पण त्याआधी तिला डिवचतं. सुरुवातीचे काही दिवस इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उलट चढतं, मग धाडकन खाली येतं, आणि त्या चढउतारात काहींना असा रक्तस्राव होतो. नाडी १०८ होती. तातडीने केलेलं हिमोग्लोबिन ६.४ आलं. त्यांना दाखल करून घेतलं, रक्त चढवलं, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड सुरू केलं. उपचारापुरतं एवढंच. अवघड काम पुढे होतं.

संध्याकाळी राउंडला गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. "औषध चुकीचं होतं का?" त्यांनी विचारलं.

"औषध बरोबर होतं. मी अर्धंच सांगितलं."

त्यांना याची अपेक्षा नसावी. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "माझ्या बहिणीला याच गाठींसाठी गोळ्या दिल्या होत्या, युलिप्रिस्टल. तिलाही सांगितलं होतं, काही त्रास नाही. वर्षभराने तिचे डॉक्टरच म्हणाले, बंद करा, लिव्हरची भानगड आहे. मग आम्ही विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

त्या गोळ्या मीही लिहिल्या आहेत. रक्तस्राव आठवड्याभरात आटोक्यात यायचा, इंजेक्शनासारख्या वाफाही यायच्या नाहीत. आम्ही सगळेच खूश होतो. युरोपात २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे यकृत निकामी झालेल्या काही केसेस आल्या, त्यांतल्या काहींना यकृत प्रत्यारोपण लागलं. २०१८ मध्ये यकृताच्या नियमित तपासण्या बंधनकारक झाल्या आणि २०२० मध्ये वापरावर कडक मर्यादा आल्या. असा त्रास होणाऱ्या स्त्रिया फारच थोड्या. पण पहिल्या दिवशी "काही त्रास नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरला नंतर हे "फारच थोड्या" कुठल्या तोंडाने सांगता येणार? मी त्यांना गोळीची ही गोष्ट जशीच्या तशी सांगितली. मीही ती लिहीत होते, हेसुद्धा.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "पुढच्या दोन महिन्यांत काय काय होईल, ते लिहून द्या."

पलंगाच्या कडेला बसून लिहिलं. अंगातून वाफा, रात्री घामाने जाग. योनीमार्गात कोरडेपणा. चिडचिड, झोप मोडणं, डोकेदुखी. हाडांची घनता थोडी घटते, म्हणून नुसतं हे इंजेक्शन सहा महिन्यांपलीकडे न्यायचं नाही. रक्तस्राव पुन्हा वाढला तर रात्री-अपरात्रीही फोन करायचा.

"आणि इंजेक्शन थांबवल्यावर गाठी?"

"पुन्हा वाढतात. काही महिन्यांतच."

"म्हणजे ही उसनवारी."

"हो. पण ऑपरेशनपर्यंत पुरते."

त्या पहिल्यांदा हसल्या. दुसरं इंजेक्शन घेतील याची मला खात्री नव्हती. ठरल्या तारखेला आल्या, स्वतःहून. पाळी तोवर खरंच थांबली होती.

तीन महिन्यांनी ऑपरेशनआधीच्या तपासणीला आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ११.१ होतं आणि गर्भाशय बारा आठवड्यांएवढं उतरलं होतं. मी सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचत होते, तेवढ्यात वही पुढे आली. माझ्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे बरोबर किंवा चूक अशी खूण. वाफांपुढे बरोबर, शेजारी कंसात "दिवसाला ११". डोकेदुखीपुढे चूक. हाडांपुढे प्रश्नचिन्ह. आणि यादीच्या खाली, त्यांच्या अक्षरात, लाल शाईने: "सकाळी बोटांचे सांधे आखडतात. मॅडमनी लिहिलेलं नाही."

मी पेन घेतलं आणि त्या ओळीखाली सही केली.