वर्षाचे खर्च महिन्यात बसवताना

पगार सुरू झाल्यावर बजेट करायला बसले, तेव्हा आधी कोणता आकडा धरायचा हेच ठरवावे लागले. नियुक्तिपत्रातला पगार वेगळा आणि कर, इतर कपाती होऊन खात्यात येणारा वेगळा. मी खात्यात येणाराच धरला.

सुरुवातीला कसलीही काटकसर न करता नुसता खर्च लिहीत गेले, तोही वहीत. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 मध्ये 'काकेइबो' नावाची घरखर्चाची वही आणली. ती पद्धत आजही टिकून आहे, याचे मला नवल वाटत नाही. ॲप बेरीज चोख करते, पण हाताने लिहिताना प्रत्येक खर्चापाशी क्षणभर थांबावे लागते, आणि मला त्या थांबण्याचाच उपयोग झाला.

मग 50-30-20 चे सूत्र लावून पाहिले: निम्मे गरजांना, 30 टक्के हौसेला, 20 टक्के बचत आणि कर्जफेडीला. माझे भाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च यांतच निम्म्याहून जास्त रक्कम संपत होती. पहिल्या नोकरीत बऱ्याच जणांचे असेच होते. म्हणून सूत्र टाकून द्यायची गरज नाही. हौसेचा वाटा कमी केला, बचत 10 टक्क्यांपासून सुरू केली आणि पगार आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सोय केली. महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हटले तर काही उरत नाही.

एवढे करूनही काही महिने हिशेब कोलमडायचाच, आणि त्याचे कारण रोजच्या चहा-कॉफीत नव्हते. विम्याचा वार्षिक हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग, लग्नाचे आहेर, सणाला घरी जायची तिकिटे, डोळे तपासून नवा चष्मा. यातले काहीच अचानक येत नाही, फक्त दर महिन्याला येत नाही. बजेटमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे असे माझे ठाम मत झाले आहे, आणि नवशिक्यांना नेमकी तीच कुणी सांगत नाही. वर्षभराचे असे सगळे खर्च मी एका पानावर मांडले, बेरजेला 12 ने भागले आणि ती रक्कम दरमहा बाजूला काढू लागले. हप्त्याची तारीख आली की पैसे तयार असतात. बचतीला हात लावावा लागत नाही.

आठवड्याच्या खर्चातही अशीच एक फट सापडली. आठवड्याचा किराणा गुणिले चार म्हणजे महिना, असे आपण सहज धरतो. पण वर्षात 52 आठवडे असतात आणि चार गुणिले 12 म्हणजे 48. चार आठवड्यांचा किराणा हिशेबाबाहेरच राहतो. तेव्हापासून मी 4.33 ने गुणते.

क्रेडिट कार्डाबाबत मी कडक आहे. बिलावर 'किमान देय रक्कम' छापलेली असते आणि तेवढी भरली की काम झाले असे वाटते. महिन्याला 3 टक्के व्याज धरा: चक्रवाढीने ते वर्षाला जवळपास 43 टक्के होते. किमान रक्कम थकबाकीच्या 5 टक्के असेल, तर त्यातले 3 टक्के व्याजातच जातात आणि मुद्दल जेमतेम 2 टक्क्यांनी हलते. अशी थकबाकी असेल तर बचत वाढवण्याआधी ती संपवावी. इतका परतावा कुठलेही बचत खाते देत नाही.

आणीबाणीच्या निधीचे मला दडपण होते. तीन ते सहा महिन्यांची तरतूद हवी म्हणतात, आणि मी ती सहा पगारांएवढी समजत होते. प्रत्यक्षात मोजायचा तो फक्त अटळ खर्च: भाडे, किराणा, वीज, औषधे, हप्ते. हौस आणि बचत त्यातून वगळली की आकडा बराच खाली येतो. मी आधी एका महिन्याच्या अटळ खर्चाएवढी रक्कम जमवली. आता पगार वाढला की वाढीतला निम्मा भाग पहिल्याच महिन्यापासून या निधीकडे वळवते, कारण वाढीव पैशांची एकदा सवय लागली की तो काढणे जड जाते.