खाजणातली पोर

रविवार, रात्रीचे साडेअकरा

एली ग्रिफिथ्स यांच्या रूथ गॅलोवे मालिकेतलं पहिलं पुस्तक, 'द क्रॉसिंग प्लेसेस', आज दुसऱ्यांदा वाचून संपवलं. खुनी कोण हे माहीत असूनही हातातून सुटलं नाही.

रूथ हाडांची जाणकार. विद्यापीठात पुरातत्त्व शिकवते आणि इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर, खाजणाच्या काठी एकटी राहते. ना धड जमीन, ना धड समुद्र. भरतीचं पाणी पायवाट कधी गिळेल याचा नेम नाही. त्या खाजणातलं प्राचीन लाकडी वर्तुळ वाचताना नॉरफोकमधलं होम (Holme) नावाचं खरंखुरं गाव आठवतं. तिथे १९९८ मध्ये ओहोटीच्या वाळूत ओकचे ५५ खांब उघडे पडले, मधोमध मुळं आभाळाकडे करून उलटा रोवलेला बुंधा. ती झाडं इसवी सनपूर्व २०४९ मध्ये तोडलेली. हवा न लागणाऱ्या चिखलाने चार हजार वर्षं जपलेली.

पण मी आजही अडखळले ती सुरुवातीलाच. खाजणात लहान मुलीची हाडं सापडतात. इन्स्पेक्टर नेल्सनला वाटतं, दहा वर्षांपूर्वी हरवलेली ल्यूसी अखेर सापडली, आता तिच्या आईवडिलांना काहीतरी सांगता येईल. रूथ तपासते, हाडं लोहयुगातली, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यासाठी हा केवढा मोठा शोध! आणि त्याचा चेहरा उतरतो. कुणाचंच चुकत नाही, तरी मला पुस्तक मिटून जरा वेळ बसावं लागलं. ती दोन हजार वर्षांपूर्वीची पोरही कुणीतरी हाका मारत शोधली असेलच ना?

मग इनामगाव आठवलं. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने केलेलं उत्खनन. तिथले ताम्रपाषाणयुगीन लोक दगावलेलं मूल दोन मडक्यांत ठेवत, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. कॉलेजात असताना संग्रहालयात तशी मडकी पाहिली होती. मैत्रिणी पुढे गेल्या, मी काचेपाशीच उभी राहिले. घराबाहेर, लांब कुठे नेऊन ठेवायला त्या आईचं मन झालं नसेल, असं तेव्हा वाटलं होतं. आजही तसंच वाटतं.

उद्या दुसरं पुस्तक काढते, 'द जॅनस स्टोन'. त्यात मुलाची हाडं दाराच्या उंबऱ्याखाली सापडतात.